कॅन्सर झालेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात स्वयंसेवक म्हणून जावं का? (इंदूर)

शुभदा_रामबाग
नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी बँकेतून निवृत्त, मुक्काम पोस्ट इंदूर. आमच्या भिशीतल्या एकीची सून कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. मे महिन्यात महूच्या पुढे एका फार्महाउसवर त्यांचं चार दिवसांचं निवासी शिबिर आहे. सात ते चौदा वयाची मुलं. काहींचे उपचार संपलेत, काही अजून गोळ्यांवर आहेत. झाबुआ, धार, खरगोन, बऱ्हाणपूर, कुठून कुठून येणार. माणसं कमी पडताहेत म्हणून मला विचारलं.

घरात दोन तट पडलेत. आमच्या ह्यांचं म्हणणं, "सानंद संस्थेच्या नाटकाला पहिला अंक संपायच्या आत तुझा रुमाल भिजतो. तू मुलांना धीर देणार की मुलं तुला?" लेक पुण्याहून सांगतो की असली शिबिरं मोठ्यांना बरं वाटावं म्हणून असतात, त्यापेक्षा तेवढे पैसे उपचाराला दे. सून म्हणते, जा.

कुणी असं काम केलंय का? मुलांना त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि गुडघे बोलायला लागलेल्या माझ्यासारख्या बाईने तिथे करायचं तरी काय?

सराफ्यावरचा_भिया
गुडघे बोलतात म्हणजे गप्पांना सोबत घेऊनच चाललाय. जा ताई. (हलकेच घ्या.)

गणिती
मला तुमच्या मुलाचं पटतं. कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण हिशेब करू या.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, त्यातही एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा: श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. रोग तोच, औषधं बरीचशी तीच. निदान उशिरा होतं, औषध मिळत नाही, आणि पैसे संपले की आई-बाप उपचार अर्धवट सोडून गावी जातात. २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट संघटनेने २०१८ साली ठेवलंय.

आता सांगा, एका फार्महाउसच्या चार दिवसांच्या भाड्यात किती कुटुंबांचं एसटीचं भाडं निघेल? जादूगार आणि फुगे नंतर.

महूकर
गणितीजी, मध्य प्रदेशात एसटी कुठली? आमच्याकडचं रोडवेज महामंडळ बंद होऊन जमाना झाला. खासगी बसवाला म्हणेल तो भाव. बाकी हिशेब वाचतोय.

पांढरे_बूट
मी नर्स. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, आता इंदुरात आहे. गणिती, आकडे बरोबर आहेत, हिशेब अर्धा आहे.

उपचार सुटतात ते नेहमी पैसे संपले म्हणूनच असं नाही. मूल बरं दिसायला लागतं म्हणूनही सुटतात. पहिले काही महिने जोरदार केमो असतो, तेव्हा आई-बाप जमीन गहाण टाकून का होईना टिकून राहतात. मग मेंटेनन्स सुरू होतो: रोज रात्री ६-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, मधूनमधून तपासणी, आणि हे दीड-दोन वर्षं. तोपर्यंत केस परत आलेले असतात, पोरगं उड्या मारत असतं. आजी म्हणते, झालं की बरं, कशाला विष घालता पोटात. आणि इथेच माणसं गळतात. डॉक्टरने कानीकपाळी ओरडून जेवढं डोक्यात शिरत नाही तेवढं एका चौदा वर्षांच्या मुलीकडे बघून शिरतं, जिने गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या आणि आता आठवीत आहे. शिबिराला सोडायला-न्यायला आलेले आई-बाप आपापसात अंगणात बसून काय बोलतात ते एकदा ऐका. पाच लाखांचं आयुष्मान कार्ड चालतं कुठे, कुठला कागद लागतो, गोळी चावून खाल्ली तर काय करायचं, सगळं तिथे कळतं.

शुभदाताई, कामाचं मी सविस्तर लिहिते, ड्यूटीहून आल्यावर.

आयुर्मंगल
या मुलांना केमोच्या विषापेक्षा सदाफुलीची चार पानं सकाळी अनशापोटी दिली तर रक्त आपोआप शुद्ध होतं. आमच्या आजोबांचा अनुभव आहे. शिबिरात असं काही का शिकवत नाहीत?

पांढरे_बूट
ड्यूटीवरूनच लिहितेय, कारण हे वाचून कुणी करून बसेल.

सदाफुलीची पानं कुणालाही देऊ नका. ते झाड विषारी आहे. त्यातून काढलेलं विन्क्रिस्टिन हे औषध याच मुलांना आम्ही देतो, होय, हाच तुमचा "केमो". ते शुद्ध करून, वजन-उंची मोजून, इतक्या बारीक मात्रेत देतात की दोघीजणींनी तपासल्याशिवाय सिरिंज हातात घेत नाहीत. शिरेच्या बाहेर थेंब सांडला तर कातडी जळते. पानात ते किती आहे हे तुमच्या आजोबांना कुठून कळणार होतं?

खवचट_काका
बाईंनी आयुर्मंगलना विन्क्रिस्टिनशिवायच शिरेत दिलं.

अवांतर: मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर यल्लाप्रगडा सुब्बाराव हे नाव घेतलं पाहिजे. आंध्रातल्या भीमावरमचा माणूस, अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधक. त्यांच्या चमूने बनवलेलं अमिनोप्टेरिन बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि १९४८ साली निष्कर्ष छापले: रोग काही काळ का होईना मागे हटतो. त्याआधी या मुलांसाठी फारसं काहीच नव्हतं. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहेत?

सराफ्यावरचा_भिया
काका, आता ठाऊक झाले. धागा वसूल.

अवंतिका_एक्सप्रेस
आयडीवरून ओळखलं असेलच. इंदूर-मुंबई ही गाडी आमच्या घरातली खोली झाली होती. मुलगा पाच वर्षांचा असताना निदान झालं, आज तो बारा वर्षांचा आहे, उपचार संपून काही वर्षं झाली. कुणाला माहिती हवी असेल तर सांगते: कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्याला त्याच डब्यात पाऊण सवलत. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. आम्हाला हे कुणीतरी वॉर्डातच सांगितलं.

परळला टाटात उपचार, आणि राहायला जागा मिळेपर्यंत नातेवाइकांकडे डोंबिवलीला. नंतर सेंट ज्यूडच्या केंद्रात खोली मिळाली, तिथे उपचार घेणाऱ्या मुलांची कुटुंबं फुकट राहतात, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. माझ्या शेजारच्या ओट्यावर बिहारची बाई, पलीकडे बंगालची. माझ्या वरणाला बिहारवाली हसायची, "इसमें मीठा कौन डालता है?"

पण लिहायचं वेगळंच होतं. माझी मोठी मुलगी. भावाचं निदान झालं तेव्हा ती नऊ वर्षांची. तिला इंदूरला आजी-आजोबांकडे ठेवलं आणि आम्ही दोघं मुंबईला. महिनोन्‌महिने तिचा गृहपाठ फोनवर. स्नेहसंमेलनात ती कृष्ण झाली होती म्हणे, मी फोटो बघितला. सगळे यायचे ते भावासाठी खेळणी घेऊन यायचे, आणि तिला सांगायचे, "तू शहाणी आहेस ना, आईला त्रास देऊ नकोस." ती इतकी शहाणी झाली की एकदा ताप अंगावर काढून शाळेत गेली, कारण घरात ताप हा शब्द काढला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे.

नंतर एका शिबिरात भावंडांनाही घेतात असं कळलं, म्हणून दोघांना पाठवलं. परत आली ती भांडत आली. माझ्याशी. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "तू माझ्या एकाही वाढदिवसाला नव्हतीस." पुढचा तासभर बोलत होती. तिला तिथे आणखी "शहाण्या" ताया-दादा भेटले होते, आणि त्यांनी रात्री बसून आपापल्या घरच्यांना यथेच्छ नावं ठेवली होती. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

शुभदाताई, तुमच्या शिबिरात भावंडं असली तर त्यांच्याकडे बघा. सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असतं.

छप्पन्नची_छोटी
अवंतिकाताई 🙏

मी कॉलेजात असताना अशा शिबिरात गेले होते. जाण्याआधी वाटलं होतं की मुलं गप्प-गप्प असतील. पहिल्याच दुपारी त्यांनी मला चटईवर आडवं पाडलं आणि "हॉस्पिटल-हॉस्पिटल" सुरू केलं. पेशंट मी. सुई नसलेली सिरिंज. आठ वर्षांची डॉक्टरीणबाई आधी हात चोळचोळून धुऊन आली, बोटांच्या बेचक्यांसकट. सिरिंज उभी धरली, टिचकी मारून बुडबुडा वर आणला, एक थेंब बाहेर काढला. "फाइल कुठाय हिची?" म्हणून ओरडली. दुसऱ्याने वहीचं पान आणून दिलं. मग मला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. पाठीतलं इंजेक्शन! पाठीवर बोटाने मणके मोजत मला म्हणाली, "थोडा दुखेगा. झूठ नहीं बोलूँगी." आणि एका पोराला माझं डोकं धरून ठेवायला बसवलं, "हिलना मत, हिला तो फिर से करना पड़ेगा."

तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडम नुसत्या बाजूला बसून बघत होत्या, मध्ये बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या की हा खेळ जवळजवळ दरवर्षी होतो, आणि मुलांनी आपणहून सुरू केला तरच खेळायचा, आपण सुचवायचा नाही.

खवचट_काका
हे पाश्चात्य खूळ आहे असं मी लिहायला बसलो होतो. अमेरिकेत नट पॉल न्यूमन यांनी १९८८ साली कनेक्टिकटमध्ये गंभीर आजारी मुलांसाठी असलं शिबिर काढलं, अगदी फुकट, आणि तिथून हे लोण जगभर गेलं, वगैरे. वरचं वाचून अर्धा मजकूर खोडला.

बी_पॉझिटिव्ह
बराच वेळ वाचत होतो. मी स्वतः "ती मुलं" पैकी एक. आता इंजिनिअरिंगला आहे. रक्तगट ओ निगेटिव्ह, आयडी बघून फसू नका.

शिबिरात जाणाऱ्या काका-मावशींना विनंत्या.

"बिच्चारा" तोंडातल्या तोंडातही म्हणू नका, ऐकू येतं. डोक्यावरून हात फिरवत राहू नका. "तू फायटर आहेस" हेही जरा कमी. मला फायटर व्हायचं नव्हतं, मला सितोलियात राज्य चुकवायचं होतं. मुद्दाम हरू नका, सात वर्षांच्या पोरालाही ते कळतं आणि भयंकर राग येतो. कॅरममध्ये मला एका आजोबांनी शिबिरभर सलग हरवलं, वर चिडवायचे. माझे सगळ्यात लाडके तेच.

आणि फोटो. माझा टकला, सुजलेल्या गालांचा फोटो एका संस्थेच्या फ्लेक्सवर छापला होता, खाली मदतीचं आवाहन. स्टिरॉइडने गाल सुजतात, ते सहा महिन्यांत उतरले. फ्लेक्स बरीच वर्षं उतरला नाही. शाळेत कुणीतरी तो फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. आई-बाबांनी सही केली होती म्हणे. ते तेव्हा कुठल्याही कागदावर सही करत होते.

सराफ्यावरचा_भिया
सितोलिया म्हणजे लगोरी, पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी.

गणिती
बी_पॉझिटिव्ह, फोटोबद्दल पूर्ण सहमत. पण देणगीदारांना चेहरा दिसल्याशिवाय खिशात हात जात नाही, हेही खरं. संस्थांनी करायचं काय?

बी_पॉझिटिव्ह
हातांचे फोटो काढा, चित्रांचे काढा, मागून काढा. बरा झालेल्या मोठ्या मुलाला विचारा, तो हसत उभा राहील. मी राहतो. पण मी विचारून राहतो.

महूकर
मी या भागातल्या शिबिरांत सामान-गाडी-पाणी बघतो, तेव्हा ताईंच्या "करायचं काय" कडे येतो.

पहिली गोष्ट, मे महिना. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि माळव्याच्या गार रात्रींचं कौतुक आता पुस्तकातच वाचायचं. मेथोट्रेक्सेटवरच्या मुलांची कातडी उन्हात लवकर भाजते. म्हणून मैदानावरचं सगळं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी आत: चित्रं, कठपुतळी, सागरगोटे, पत्ते. प्रत्येकाच्या नावाची पाण्याची बाटली असते आणि ती बाटली रिकामी का होत नाही हे बघायला एक माणूस लागतो. शुभदाताई, हे काम खुर्चीत बसून होतं आणि याच्याइतकं महत्त्वाचं काम दुसरं नाही.

दुसरं, रात्र. एका पोराचे स्टिरॉइडचे दिवस चालू होते. रात्री अडीचला येऊन माझ्या उशाशी उभा. "भैया, दाल-बाफले मिलेंगे क्या?" बाफले, म्हणजे आमच्याकडचे उकडून भाजलेले कणकेचे गोळे! अडीच वाजता! आचाऱ्याला उठवलं, त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मुगाची खिचडी टाकली. पोराने फुंकर मारत दोन ताटल्या संपवल्या, वर तूप मागितलं, आणि झोपला. पाच वाजता परत हजर: "नाश्ता कितने बजे है?" तेव्हापासून आचाऱ्याला आधीच सांगून ठेवतो की रात्रपाळी आहे.

पांढरे_बूट
डेक्साची (डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची) भूक. काही प्रोटोकॉलमध्ये मेंटेनन्सलाही दर महिन्याला पाच दिवस स्टिरॉइड असतं. भूक लागते, चिडचिड होते, क्षणात रडू येतं. त्याला हट्टी म्हणू नका, दोन दिवसांनी तोच पोरगा लोणी असतो. फक्त मीठ आवरा. शेव आणि लोणचं त्याच्या हाताला लागू देऊ नका.

सराफ्यावरचा_भिया
इंदूरच्या शिबिरात शेव बंद?? हा मानवाधिकारांचा प्रश्न आहे.

पांढरे_बूट
पोहे मिळतील, वाफाळते, डोळ्यांसमोर केलेले. वरचा कच्चा कांदा-कोथिंबीर नाही. बाहेरची जलेबी नाही. फळं सालीची: केळं, संत्रं, समोर सोललेलं. कापून ठेवलेलं कलिंगड कितीही लाल दिसो, नाही.

आता राहिलेलं लिहिते, कारण गंमत चालू राहिली की हे मागे पडतं. या मुलांचे काउंट कधीही पडू शकतात, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की ती तातडीची वेळ. आधी क्रोसिन देऊन बघू, सकाळपर्यंत वाट बघू, हे नाही. डॉक्टरला उठवायचं, गाडीत घालायचं, तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. म्हणून महूकरांची गाडी ड्रायव्हरसकट रात्रंदिवस उभी असते आणि मुक्कामाची जागा हॉस्पिटलपासून फार लांब घेत नाहीत. आंघोळ घालताना काखेत, गळ्याशी हात गरम लागला तरी सांगा. चुकीचा निघाला तर कुणी हसणार नाही.

स्वतःला सर्दी-खोकला असेल तर येऊ नका. हे "थोडीशीच आहे" वाले स्वयंसेवक मला रोगापेक्षा जास्त घाबरवतात. कांजिण्या तर अजिबात नकोत, या मुलांना त्या जिवावर बेततात.

ज्यांच्या छातीत कातडीखाली पोर्ट (शिरेत औषध द्यायची छोटी डबी) बसवलाय त्यांना दप्तराचा पट्टा तिथे लागू देऊ नका. विन्क्रिस्टिनने काहींच्या पायाची बोटं उचलली जात नाहीत, चालताना पाय घासतो. "नीट चाल" म्हणू नका, चप्पल मागून पट्ट्याची आहे का ते बघा. धक्काबुक्कीचे खेळ नाहीत, प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी असल्या तर आतून रक्तस्राव होतो. बाकी धावू द्या. पडतील, रडतील, उठतील.

कुरकुरे_वहिनी
आमच्या आजेसासूबाईंना नागीण झालीय. मी पण नाव दिलं होतं. त्या वेगळ्या खोलीत असतात. चालेल ना?

पांढरे_बूट
वहिनी, नागीण आणि कांजिण्यांचा विषाणू एकच. आयोजकांना आजच कळवा, डॉक्टर ठरवतील. परस्पर जाऊ नका.

झाबुआ_मास्तर
आमच्या तालुक्यातून एक मुलगी गेली होती. भिली बोलणारी, हिंदी जेमतेम. इंदूरचे स्वयंसेवक हिंदीत, आपसात मराठीत, गाणी इंग्रजीत. पहिले दोन दिवस ती खांबाला टेकून. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तिला मातीची जनावरं सुरेख करता येतात. त्यानंतर तिच्याभोवती ही गर्दी. माझं म्हणणं, गावाकडच्या एखाद्या आई-बापाला स्वयंपाकाला किंवा सोबतीला घ्या. भाषा जाणणारं एक माणूस हवं. शहरातल्या उत्साहाने ती जागा भरत नाही.

आणि शाळा. उपचार संपून मूल गावात येतं तेव्हा बाकीचे पालक म्हणतात, आमच्या पोराशेजारी बसवू नका, लागेल. लागत नाही हो कॅन्सर. मला वर्गात उभं राहून सांगावं लागलं. शिबिरातून कुणी एक दिवस शाळेत आलं असतं तर बरं झालं असतं. चार दिवस संपले की फोन बंद.

गणिती
मास्तरांनी माझंच म्हणणं वेगळ्या बाजूने मांडलं. चार दिवस झगमगाट, मग पुढच्या मेपर्यंत शुकशुकाट. अवंतिकाताईंचा आणि नर्सबाईंचा मुद्दा मान्य, तरी माझी पहिली शंभराची नोट भाड्याला आणि खोलीलाच जाईल.

एक भर घालतो. मी दोन-तीन महिन्यांनी एसडीपी देतो, म्हणजे मशीनवर बसून फक्त प्लेटलेट. तास-दीड तास लागतो, बाकी रक्त परत मिळतं. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत, आणि मेमध्ये कॉलेजं बंद म्हणून देणारे कमी. ज्यांना मुलांसमोर रडू येईल अशी भीती आहे त्यांनी रक्तपेढीत जावं. तिथे रडलं तरी चालतं, सुई मोठी असते.

सराफ्यावरचा_भिया
गणितीभियांनी विनोद केला. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

शुभदा_रामबाग
इतकं सगळं लिहिलंत, दोनदा वाचलं. एक विचारायचं राहिलं होतं, नीट कसं विचारावं कळत नव्हतं. पुढच्या वर्षी एखादं मूल नसेल तर?

महूकर
होतं तसं. यादी येते, नाव नसतं. मी समन्वयकाला विचारतो, घरी फोन करत नाही. कधी कळतं की परीक्षा आहे म्हणून आला नाही, कधी दुसरं कळतं. मग त्या वर्षी मी गाडीचं काम जास्त मागून घेतो.

पांढरे_बूट
चांगल्या शिबिरात संध्याकाळी मोठ्यांची बैठक असते, मुलं झोपल्यावर. तिथे रडा, हवं तेवढं. मुलांसमोर एखादं टिपूस आलं तरी आकाश कोसळत नाही, फक्त त्यांना तुमची समजूत काढायला लागू नये. ती फार चटकन काढतात, आईची काढायची सवय असते.

अवंतिका_एक्सप्रेस
हे खरं आहे.

बी_पॉझिटिव्ह
शुभदामावशी, कॅरम येतो का?

शुभदा_रामबाग
बँकेच्या आंतरशाखीय स्पर्धेत उपविजेती. अंतिम सामना अजून मान्य नाही.

बी_पॉझिटिव्ह
मग प्रश्नच मिटला. हरवा त्यांना.

छप्पन्नची_छोटी
एक जाण्याआधी विचारून घ्या: ओळखपत्र, पोलीस पडताळणी, आणि कुठल्याही मुलासोबत एकटं न राहण्याचा नियम, नेहमी दोन मोठी माणसं. ज्या शिबिरात हे विचारत नाहीत तिथे मी माझं मूल पाठवणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, पण "आपलीच माणसं आहेत" म्हणून सोडून देणारे अजून भेटतात.

शुभदा_रामबाग
विचारलं. पडताळणी मागितली आहे, फॉर्ममध्ये कांजिण्या येऊन गेल्या का हाही प्रश्न आहे (येऊन गेल्यात, दुसरीत असताना). मला पाण्याच्या बाटल्या, हात धुवायची जागा आणि दुपारचा कॅरम दिलाय. रात्रपाळी नको म्हणून मीच सांगितलं. भावंडं यंदा सहा येणार आहेत, त्यांच्या गटात बसायची परवानगी मागितलीय. मास्तरांची भाषेची सूचना पोचवली, तर संस्थेतल्या बाई म्हणाल्या की झाबुआच्या एका मुलाची मावशी स्वयंपाकाला यायला तयार आहे. हे अजून गप्प आहेत. लेकाला गणितींचा प्रतिसाद पाठवला, खूश झाला. त्याच्याकडून भाड्याचे पैसेही काढले.

खवचट_काका
आमच्याकडे दोन कॅरम बोर्ड माळ्यावर पडून आहेत. एकाचा कोपरा फुगलाय, दुसरा ठणठणीत. सोंगट्यांत राणी नाही, दोन काळ्या कमी. हव्यात का?

महूकर
ठणठणीतवाला द्या. शनिवारी गाडी राजवाड्याकडून जाईल, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, इथे धाग्यावर नको. बोरिक पावडर असेल तर तीही द्या.

पांढरे_बूट
बोरिक पावडर नको. बटाट्याचं पीठ चालेल. आणि सोंगट्या साबणाने धुऊन.